मान देऊ, माथा टेकणार नाही

धर्म बदलणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. बदललेल्या धर्माने जगणे ही जन्मभराची गोष्ट आहे. दीक्षेच्या दिवशी भोवती हजारोंचा समुदाय असतो, मन उचंबळून आलेले असते, आणि त्या क्षणी कोणतीही प्रतिज्ञा अवघड वाटत नाही. कसोटी लागते ती नंतर. शाळेतील पूजेच्या वेळी, शेजारच्या घरच्या लग्नात, जत्रेची वर्गणी मागण्यासाठी गावची मंडळी दारात उभी राहतात तेव्हा, आणि सरकारी कागदावरील 'धर्म' या रकान्यापाशी लेखणी अडते तेव्हा. अशा प्रत्येक वेळी "एवढ्याने काय बिघडते?" हा एकच प्रश्न कानी पडतो, आणि तो विचारणारे बहुधा आपलेच सोयरे असतात.

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न एकट्या आपल्याच वाट्याला आला आहे असे समजू नका. ख्रिस्ती माणसाच्या जीवनात तो पहिल्या शतकापासून उभा आहे. त्यांचा मार्ग आणि आपला मार्ग एक नव्हे. एकाच परमेश्वरावरील निष्ठा अखंड राहावी म्हणून ते मूर्तिपूजा नाकारतात; आपण सृष्टिकर्त्या ईश्वराच्याच कल्पनेला निरोप दिला आहे. परंतु ज्याने विचारपूर्वक एक निष्ठा पत्करली त्याच्यावर जुन्या वा परक्या दैवतापुढे वाकण्यासाठी येणारा दाब सर्वत्र सारखाच असतो. तो दाब ख्रिस्ती लोकांनी कसा सोसला, कोठे ते टिकले आणि कोठे डळमळले, आणि अखेर कायद्याने त्यांच्या पाठीशी कसा हात दिला, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्यांचे शास्त्र काय सांगते ते पाहू. बायबलच्या निर्गम नावाच्या ग्रंथात दहा आज्ञा आहेत. परमेश्वरावाचून दुसरा देव मानू नये आणि मूर्ती घडवून तिच्यापुढे वाकू नये, ही शिकवण त्यांच्या आरंभीच येते. दानिएलाच्या ग्रंथात बाबेलच्या राजाची कथा आहे. राजाने सोन्याचा पुतळा उभारला आणि वाद्ये वाजताच सर्वांनी त्यापुढे लोटांगण घालावे असा हुकूम काढला. तीन यहुदी तरुण उभेच राहिले. आपला देव आपल्याला भट्टीतून वाचवील, आणि समजा त्याने वाचविले नाही, तरीही आपण या पुतळ्याला नमणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी राजाला दिले. या उत्तराचे बळ दुसऱ्या भागात आहे. फळाच्या आशेने राखलेली निष्ठा हा सौदा झाला. फळ न मिळाले तरी जी टिकते तीच निष्ठा.

मूर्ती म्हणजे केवळ दगड नव्हे, हेही त्याच धर्माने सांगितले. प्रेषित पौलाने लोभालाच मूर्तिपूजा म्हटले. येशूने देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही असे बजावले. अर्थात ज्याच्यासाठी माणूस सत्य सोडावयास तयार होतो ती वस्तू त्याची मूर्ती होय, मग ती संगमरवराची असो, नोकरीची असो वा सत्तेची असो. निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की, या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळींत एकमत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये संतांच्या प्रतिमा असतात; बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये त्या नसतात. इ. स. 787 मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने प्रतिमेला द्यावयाचा आदर आणि केवळ परमेश्वराला करावयाची उपासना यांत भेद केला. ती परिषद सर्वांना मान्य नसली, तरी तिने केलेला भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मान देणे ही एक गोष्ट आणि पूजा करणे ही दुसरी. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

रोमन साम्राज्यात हा भेद प्राणावर बेतला. इ. स. 112 च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी आजच्या तुर्कस्तानातील एका प्रांताचा कारभार पाहत होता. ख्रिस्ती म्हणून आरोप असलेले लोक त्याच्यापुढे आणले जात. त्याने चौकशी केली तेव्हा त्याला एवढेच आढळले की, हे लोक ठराविक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताचे स्तवन करतात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेतात. यात गुन्हा कोणता? तरीही प्लिनीने कसोटी ठरविली. देवांचे नाव घ्यावे, सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप जाळावा, मद्य अर्पण करावे आणि ख्रिस्ताची निंदा करावी. जो हे करील त्याची सुटका, जो तीनदा विचारूनही ऐकणार नाही त्याला देहदंड. प्लिनीने सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रात हटवादीपणा हाच शिक्षेला पुरेसा मानलेला दिसतो. वकिलाच्या नजरेने पाहिल्यास हा मजकूर फार बोलका आहे. कृत्यात गुन्हा सापडला नाही, म्हणून न वाकणे हाच गुन्हा ठरविण्यात आला. त्राजानने उत्तरी कळविले की, अशा लोकांना शोधून काढू नये आणि निनावी तक्रारी घेऊ नयेत. परंतु दोषी ठरले तर शिक्षा द्यावी. न्यायाचा एक किरण त्यात होता, पण न्याय नव्हता.

इ. स. 250 मध्ये सम्राट डेसियसने हुकूम काढला की, साम्राज्यातील प्रजेने देवांना बळी अर्पण करावा आणि तसे प्रमाणपत्र घ्यावे. इजिप्तच्या वाळूत अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे सापडली आहेत. त्यांत अर्जदाराचे नाव असते, गाव असते, मी देवांना नेहमीच बळी देत आलो आणि आताही आपल्यासमक्ष दिला असा मजकूर असतो, आणि खाली साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या असतात. किती ओळखीचा वाटतो हा कागद! छळाला भिऊन पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी दुसरी युक्ती केली: बळी दिला नाही, पण पैसे चारून प्रमाणपत्र मिळविले. आपण मूर्तीला हात लावला नाही, फक्त एक कागद घेतला, असे ते स्वतःच्या मनाला समजावीत राहिले.

छळ ओसरल्यावर या लोकांचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधला मार्ग धरला. कागद घेणे निर्दोष नव्हते, असे त्याने स्पष्ट सांगितले. परंतु प्रत्यक्ष बळी देणारा आणि केवळ कागद घेणारा यांना एकाच मापाने मोजले नाही. पश्चात्तापाची कसोटी लावून परतीचे दार उघडे ठेवले. हे दार कायमचे बंद करा म्हणणारा एक कडवा पक्षही होता. तो मूळ मंडळीपासून वेगळा झाला. पुढे इ. स. 258 मध्ये सिप्रियनने स्वतःच्या निष्ठेसाठी आपले शिर दिले. ढिलाईची सबब सांगणारा तो नव्हता. तरीही घसरलेल्या माणसाला त्याने कायमचे लोटून दिले नाही, हे ध्यानात घ्यावे.

विसाव्या शतकाकडे वळू. 1910 ते 1945 या काळात कोरियावर जपानचे राज्य होते. जपानी सरकारने शिंतो देवस्थानांपुढे सर्वांनी वाकावे अशी सक्ती आधी शाळांवर आणि नंतर चर्चवर केली. हा धर्म नव्हेच, ही केवळ देशभक्ती आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. 1936 मध्ये रोमच्या धर्मपीठाने तो मान्य करून जपानी साम्राज्यातील कॅथलिकांना अशा समारंभास हजर राहण्याची मुभा दिली. सप्टेंबर 1938 मध्ये प्याँगयांग येथे प्रेस्बिटेरियन मंडळीची महासभा पोलिसांच्या पहाऱ्यात भरली आणि देवस्थानापुढे वाकणे हे धर्मकृत्य नव्हे असा ठराव तिने संमत केला. पाळक चू की-चोल यांनी तो मानला नाही. त्यांना वारंवार अटक झाली, आणि 1944 मध्ये तुरुंगातच त्यांचा अंत झाला. 1954 मध्ये दक्षिण कोरियातील महासभेने 1938 चा तो ठराव रद्द केला. जे शेकडो प्रतिनिधींना एका दिवसात पटविण्यात आले, ते चुकीचे होते हे कबूल करण्यास सोळा वर्षे लागली.

येथे एक सूत्र हाती येते. वाकण्याचा हुकूम कधीही 'आमच्या देवाची पूजा करा' अशा शब्दांत येत नाही. तो सभ्य वस्त्रे पांघरून येतो. रोममध्ये तो राजनिष्ठा म्हणून आला, कोरियात देशभक्ती म्हणून आला, आणि आपल्या गल्लीत तो 'रीतभात', 'संस्कृती', 'गावाची एकी' या नावांनी येतो. हे कृत्य धर्माचे की नुसत्या रिवाजाचे, हे ठरवावयाचे कोणी? वाकावयास लावणाऱ्याने, की ज्याला वाकावे लागते त्याने?

या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनाही सहजी सापडले नाही. अमेरिकेत यहोवाचे साक्षीदार नावाचा एक पंथ आहे. ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवितात, जरी इतर बहुतेक चर्च त्यांचा सिद्धांत मान्य करीत नाहीत. ध्वजाला वंदन करणे म्हणजे मूर्तीला वंदन करणे, असे ते मानतात. पेनसिल्व्हेनिया राज्यातील या पंथाच्या दोन मुलांना ध्वजवंदन न केल्याबद्दल 1935 मध्ये शाळेतून काढण्यात आले. 1940 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने शाळेची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती स्टोन तेवढे विरोधात उभे राहिले. निकालानंतर ठिकठिकाणी जमावांनी या पंथाच्या लोकांवर हल्ले केले. न्यायालयाने हात काढून घेतला की जमावाचा हात उगारला जातो, याचे हे उदाहरण. परंतु त्याच न्यायालयाने तीनच वर्षांनी, 14 जून 1943 रोजी, वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात स्वतःचा निर्णय फिरविला. न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या निकालपत्राचा आशय असा की, राजकारण, राष्ट्रीयत्व वा धर्म यांत कोणते मत खरे हे ठरवून ते नागरिकाच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. सम्राटाच्या पुतळ्यापुढील समारंभ नाकारणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती लोकांचा उल्लेखही त्या निकालपत्राच्या टिपेत आहे. त्या वेळी महायुद्ध चालू होते, हे विसरू नये. देशभक्तीला भरती आलेली असताना हा निर्णय दिला गेला.

आता आपल्या देशाकडे येऊ. केरळात याच पंथाच्या एका कुटुंबाची तीन मुले शाळेत शिकत होती. दररोज सकाळी राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या थोरल्या बहिणींनीही असेच केले होते आणि कोणी आक्षेप घेतला नव्हता. जुलै 1985 मध्ये एका आमदाराच्या नजरेस ही गोष्ट आली आणि विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला. चौकशी झाली, मुले शिस्तीने वागणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा कसलाही अनादर केलेला नाही, असा अहवाल आला. तरीही 26 जुलै 1985 रोजी, शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून, तिघांनाही शाळेतून काढण्यात आले. केरळच्या उच्च न्यायालयाने आधी एका न्यायमूर्तीपुढे आणि मग खंडपीठापुढे त्यांची मागणी फेटाळली. राष्ट्रगीतात कोणाच्या धर्मभावना दुखावतील असा एकही शब्द नाही, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे पडले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या नावाने ते प्रसिद्ध आहे. 11 ऑगस्ट 1986 रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी मुलांच्या बाजूने निर्णय दिला. त्याची तीन अंगे आपण नीट समजून घ्यावीत, कारण ती केवळ त्या तीन मुलांपुरती नाहीत.

पहिले अंग हे की, राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहणे म्हणजे आदर दाखविणेच होय. 1971 चा राष्ट्रीय सन्मानासंबंधीचा कायदा राष्ट्रगीत गाण्यास मुद्दाम अडथळा करणाऱ्याला शिक्षा देतो. मौन पाळून उभे राहणाऱ्याला नव्हे. दुसरे अंग हे की, घटनेच्या 19 व्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मौनही येते, आणि त्यावर बंधन घालावयाचे तर त्यासाठी कायदा पाहिजे. खात्याचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे. एखादी श्रद्धा न्यायाधीशाच्या बुद्धीला पटते की नाही हा प्रश्नच नाही. ती प्रामाणिकपणे, सदसद्विवेकाने धारण केलेली आहे काय, एवढेच पाहावयाचे. तशी असेल तर 25 वा अनुच्छेद तिचे रक्षण करतो, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य अशा घटनेतच सांगितलेल्या कारणांवाचून तिच्यावर घाला घालता येत नाही. मुलांना पुन्हा शाळेत घ्या, असा आदेश न्यायालयाने दिला.

आपण राष्ट्रगीत आनंदाने गातो; ते गाण्यात मूर्तिपूजा आहे असे आपल्याला वाटत नाही. देशातील बहुसंख्य ख्रिस्तीही ते गातात. मग ही मुले चुकली नाहीत काय? असे विचारणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की, हक्काची परीक्षा आपल्याला पटणाऱ्या माणसाच्या बाबतीत होत नाही. जो बहुमताबरोबर चालतो त्याला संरक्षणाची गरजच काय? त्या मुलांच्या सदसद्विवेकाला जे संरक्षण मिळाले तेच उद्या आपल्या मुलांना मिळणार आहे. आणि आज त्यांचे काढून घेतले तर उद्या आपलेही उरणार नाही. शिवाय त्या मुलांच्या आचरणातील मर्यादा पाहा. ती वर्गाबाहेर गेली नाहीत, खाली बसली नाहीत, गाणाऱ्यांना हसली नाहीत. त्यांनी मान दिला. जे केवळ देवाचे असे ते मानीत होते, तेवढे मात्र दिले नाही.

हीच मर्यादा घरगुती व्यवहारात कशी पाळावी, हा प्रश्न करिंथ शहरातील पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पौलाला विचारला होता. तेथे बाजारात विकावयास येणारे मांस पुष्कळदा मूर्तीला अर्पण केलेले असे. ते खावे काय? पौलाच्या उत्तराचा सारांश असा: मूर्ती ही काहीच नव्हे, तेव्हा बाजारात मिळते ते चौकशा करीत न बसता खावे. परक्याच्या घरी जेवावयास गेल्यास वाढलेले खावे. परंतु हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर खाऊ नये. आणि आपल्या खाण्याने नव्याने आलेल्या, मनाने दुबळ्या बांधवाची श्रद्धा डळमळत असेल तरीही खाऊ नये. किती व्यवहारी उत्तर आहे हे! यात शेजाऱ्याशी भांडण नाही, सोवळेओवळे नाही. मात्र कृत्याला पूजेचा अर्थ येताच तेथे थांबणे आहे.

निष्ठेची किंमत कधी पैशातही द्यावी लागते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. त्यात 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा या दोन्ही वेळी झाला नाही. त्यामुळे अनेक ख्रिस्ती दलितांपुढे डेसियसच्या काळचाच कागद आला: चर्चमध्ये प्रार्थना करावयाची आणि दाखल्यावर हिंदू लिहावयाचे. 1956 ते 1990 या चौतीस वर्षांत केंद्राच्या सवलतींसाठी हीच निवड आपल्याही घरांपुढे होती. त्या काळात कोणी काय लिहिले हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आमचे म्हणणे दुहेरी आहे. खरे लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या सत्यापायी भुर्दंड बसावा असा कायदा न्याय्य नव्हे, कारण धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही. आणि तरीही खोटे लिहिणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अन्याय्य कायद्याशी उघड लढावे. कागदाच्या आड लपून स्वतःच्या निष्ठेला नाकारू नये.

वाचकहो, या साऱ्यातून आपल्या घरासाठी काय घ्यावयाचे?

आपल्या हक्काचा मजकूर आधी पाठ करा. घटनेच्या 28 व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वस्वी सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत मुलाला धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसविण्यासाठी पालकाची संमती लागते. तुमचे मूल पूजेला बसणार नसेल तर मुख्याध्यापकांना तसे लेखी कळवा, नम्र भाषेत कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या. जत्रेची वर्गणी मागणे हा गुन्हा नव्हे, पण धाक घालून ती वसूल करणे हा गुन्हा आहे. द्यावयाची नसेल तर स्पष्ट शब्दांत नाही म्हणा. शेजाऱ्याच्या लग्नाला जा, त्याच्या आजारपणात धावून जा, त्याच्या देवाची टवाळी करू नका. परंतु आरतीचे तबक हाती दिले तर ते आदराने पुढे द्या. आणि आपल्यातील एखादी म्हातारी अजून चोरून कोनाड्याला हात जोडत असेल तर तिच्यावर बहिष्कार घालू नका. सिप्रियनने उघडे ठेवलेले दार आपणही उघडे ठेवावे. समजूत घालावी, वाट पाहावी.

मुलांना हे सर्व सांगताना कारणासह सांगा. वडील म्हणतात म्हणून न वाकणारे मूल उद्या दुसरा कोणी सांगेल म्हणून वाकेल. का वाकावयाचे नाही हे ज्याला उमगले, ते मूल केरळातील त्या तीन मुलांप्रमाणे साऱ्या शाळेसमोर शांतपणे उभे राहू शकेल. त्या मुलांनी वर्गात एक शब्दही उच्चारला नव्हता. त्यांच्या मौनासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले. आपण तर बोलू शकतो, लिहू शकतो, आणि आपल्या हाती घटना आहे.